बोरघाटातून जाणारा मार्ग: मुंबई–पुणे द्रुतगती रस्ता कसा बांधला आणि कसा टिकतो

मुंबईहून पुण्याला निघालेला रस्ता पनवेल, खालापूर करत खोपोलीला पोहोचतो, तेव्हा तो अजून कोकणातच असतो. समुद्रसपाटीपासून त्याची उंची शंभर मीटरही नसते. तिथून सरळ रेषेत आठ-नऊ किलोमीटरवर असलेले लोणावळे मात्र सहाशे मीटरहून अधिक उंच आहे. मधे सह्याद्रीचा कडा. कळंबोलीपासून देहूरोडजवळच्या किवळ्यापर्यंत हा द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटर लांब आहे, पण त्याची खरी कसोटी लागते ती खोपोली ते खंडाळा या बोरघाटाच्या टप्प्यात.

घाटातल्या रस्त्याचे गणित सांगायला सोपे आहे. शंभर मीटर पुढे जाताना सहा मीटर वर चढलो तर चढ सहा टक्के. हा चढ निम्म्यावर आणायचा तर रस्त्याची लांबी दुप्पट करावी लागते. सपाटीवर लांबी वाढवायला जमीन मिळाली की झाले. डोंगरात मात्र वाढलेला प्रत्येक किलोमीटर कडा तासून, दरी भरून, पूल टाकून किंवा खडक पोखरून मिळवावा लागतो. चढ किती ठेवायचा आणि त्यासाठी डोंगर किती फोडायचा, यांतली तडजोड म्हणजे घाटरस्ता. ज्या काळात जे वाहन होते, त्याच्या ताकदीप्रमाणे प्रत्येक पिढीने ही तडजोड नव्याने केली.

बैल, तोफा आणि आगगाडी

बोरघाटाची वाट फार जुनी. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी कोकणातली बंदरे आणि देशावरच्या पेठा जोडणाऱ्या व्यापारी वाटांच्या आसपासच कोरली गेली. राजमाची, लोहगड, विसापूर हे किल्लेही याच परिसरातल्या घाटवाटांवर नजर ठेवून आहेत. जवळच्याच उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला कोंडीत पकडले. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना जंगल आणि मागे फिरायला जागा नाही, हे घाटाचे स्वरूपच तिथे शस्त्र ठरले.

त्या काळी माल जायचा तो बैलांच्या पाठीवरून. बैल खडी चढण चढतो, अरुंद वाटेवर वळतो, त्यामुळे त्याला पायवाट पुरते. १८०४मध्ये आर्थर वेलस्लीने तोफा नेता याव्यात म्हणून ही वाट सुधारून घेतली. १८३०मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बैलगाड्या जातील असा बांधीव रस्ता खुला झाला. चाक आले की वाटेला रुंदी लागते, वळणाला मोठी त्रिज्या लागते आणि चढ बेताचा ठेवावा लागतो. डोंगर तासण्याचे काम खऱ्या अर्थाने इथे सुरू झाले.

आगगाडीच्या अटी त्याहून कडक. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घसरते, म्हणून रेल्वेला अगदी मंद चढच चालतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी बोरघाटात सुमारे २५ किलोमीटर लांबीची चढण आखली. तेवढ्या अंतरात गाडी १,८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर चढते. सरासरी ४५-४६ मीटरला एक मीटर एवढा हा चढ. त्यासाठी २५ बोगदे आणि ८ मोठे दगडी पूल बांधावे लागले. एका ठिकाणी तर डोंगराच्या सोंडेवर गाडीला वळायलाच जागा नव्हती. तेव्हा गाडी पुढे जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण धरायची. ही उलटापालट १९२०च्या दशकाच्या अखेरीस नवा मार्ग काढल्यावर थांबली.

काम १८५६मध्ये सुरू झाले. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याने ते अर्ध्यात सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट आपल्या हाती ठेवले आणि अनुभवी अभियंत्यांकरवी ते तडीस नेले. १८६१च्या सुरुवातीला घाटात ४२,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकी, ताप, सुरुंगाचे अपघात आणि कड्यावरून पडणे यांत किती जण गेले, त्यांची नावानिशी नोंद कुणी ठेवली नाही. १८६३मध्ये गाडी सुरू झाली आणि चारच वर्षांत, १८६७च्या जुलैत, यातला एक मोठा दगडी पूल कोसळला. घाटात बांधून झालेले काम संपलेले काम नसते, हे रेल्वेला तेव्हाच कळून चुकले. घाटातल्या जुन्या गाडीरस्त्यावर शिंगरोबाचे छोटे देऊळ आहे. लोकपरंपरा सांगते की शिंगरोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना घाटातली वाट दाखवली आणि त्यासाठी प्राण गमावले. घाट चढणारे ट्रकचालक आजही तिथे नाणे वाहून पुढे जातात.

द्रुतगती मार्गाचा निर्णय

स्वातंत्र्यानंतर या घाटरस्त्यावरून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ जाऊ लागला. मालट्रक, एसटी, मोटारी, टेम्पो, दुचाकी सगळे एकाच रस्त्यावर. एक ट्रक घाटात बंद पडला की मागे मैलभर रांग. १९९०मध्ये नव्या मार्गाच्या अभ्यासाचे काम राइट्स ही सरकारी संस्था आणि ब्रिटनमधील स्कॉट विल्सन कर्कपॅट्रिक यांच्याकडे देण्यात आले. १९९४मध्ये राइट्सचा अहवाल आला. त्यात खर्चाचा अंदाज १,१४६ कोटी रुपये होता.

राज्याच्या तिजोरीत एवढा पैसा नव्हता. म्हणून खासगी कंपनीने रस्ता बांधावा आणि टोलमधून पैसे वसूल करावेत, असे आधी ठरले. त्यासाठी रिलायन्सची निविदा आली ती सुमारे ३,६०० कोटी रुपयांची. सरकारने ती नाकारली. तेव्हाचे सार्वजनिक बांधकाम मंत्री नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने १९९६मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले होते. मार्च १९९७मध्ये हा प्रकल्प आणि तीस वर्षे टोल घेण्याचा अधिकार महामंडळाकडे आला. महामंडळाने रोख्यांतून पैसा उभा केला, मार्गाचे भाग पाडून वेगवेगळ्या कंत्राटदारांना कामे दिली आणि १९९८च्या आरंभी काम सुरू झाले. २०००पासून एकेक टप्पा खुला होत गेला आणि २००२मध्ये संपूर्ण मार्गावर वाहतूक सुरू झाली. खर्च सोळाशे कोटींच्या घरात गेला. प्रवेश-नियंत्रित, सहा पदरी आणि काँक्रीटचा असा देशातला हा पहिला द्रुतगती मार्ग. २००९मध्ये त्याला यशवंतराव चव्हाण यांचे नाव देण्यात आले.

प्रवेश-नियंत्रित रस्त्यावर वाटेल तिथून चढता-उतरता येत नाही. ठरावीक ठिकाणीच आत-बाहेर जाण्याचे मार्ग, दोन्ही बाजूंना कुंपण, मधे दुभाजक. दुचाकी, रिक्षा, बैलगाडी आणि पादचारी यांना मनाई. वेगातला फरक हे अपघाताचे मोठे कारण असते आणि तो कमी करण्यासाठीच ही व्यवस्था. पण असा रस्ता गावाच्या शिवारातून गेला की घर एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला राहते. म्हणून जागोजागी खालून भुयारी रस्ते काढावे लागतात. ते दूर असले किंवा पावसाळ्यात त्यांत पाणी साचले की माणसे कुंपण वाकवून रस्ता ओलांडतात. मावळातल्या शेतकऱ्याने दिलेल्या जमिनीवर हा वेग उभा आहे, तेव्हा त्याच्या रोजच्या वाटेची सोय ही उपकाराची बाब नव्हे.

खडक कसा आहे

सह्याद्रीचा इथला खडक म्हणजे काळा पाषाण, बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, थर थंड झाला, त्यावर पुढचा आला. भाकऱ्यांची चवड रचावी तसे हे थर एकावर एक बसले आहेत. मात्र सगळे थर सारखे नाहीत. काही अतिशय घट्ट. काहींत वायूचे बुडबुडे राहून पोकळ्या झालेल्या. दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबडा, मातीसारखा मऊ पट्टा सापडतो. शिवाय लाव्हा थंड होताना आकसला, त्यामुळे घट्ट पाषाणालाही उभ्या भेगा आहेत.

या रचनेमुळे दोन गोष्टी घडतात. घट्ट पाषाणातून बोगदा काढला तर तो बराचसा स्वतःच्या बळावर उभा राहतो. उलट कडा तासून रस्ता केला की उभ्या भेगा आणि मऊ पट्टे उघडे पडतात. तो उघडा कापलेला भाग पुढे कायमची डोकेदुखी होतो.

बोगदा कसा पुढे सरकतो

या मार्गावर भाताण, माडप, आडोशी, खंडाळा आणि कामशेत इथे बोगदे आहेत. त्यांची एकूण लांबी पावणेसहा किलोमीटरच्या आसपास भरते. भाताणचा बोगदा एक किलोमीटरहून थोडा लांब आहे. जाणाऱ्या आणि येणाऱ्या वाहनांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळे बोगदे आहेत.

अशा खडकात काम चालते ते सुरुंगाने, आणि ते एका ठरलेल्या चक्राने पुढे सरकते. आधी मोजणीदार बोगद्याच्या तोंडावर, म्हणजे समोरच्या उघड्या खडकावर, रंगाने खुणा करतात. त्या खुणांवर यंत्राने दोन-तीन मीटर खोल भोके पाडली जातात. भोकांत दारू भरतात, पण सगळी भोके एकदम उडवत नाहीत. मधली आधी उडतात आणि तिथे पोकळी तयार होते. मग काही मिलिसेकंदांच्या अंतराने भोवतालची उडतात, म्हणजे त्यांचा खडक मधल्या मोकळ्या जागेत ढासळतो. सर्वांत बाहेरच्या रांगेत दारू हलकी ठेवतात. बोगद्याची कमान नीट कापली जावी आणि मागचा खडक खिळखिळा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. बार उडाला की पंख्यांनी धूर बाहेर काढायचा. त्यानंतरचे काम सर्वांत जोखमीचे: छताला लटकलेले सुटे दगड पहारीने किंवा यंत्राने पाडायचे. कान तयार झालेला कामगार पहारीचा ठोका देऊन खडक ओळखतो. घट्ट खडक खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. मग डबर उपसून बाहेर न्यायचे, छतात लांब पोलादी बोल्ट ठोकून थर एकमेकांना शिवायचे, वर सिमेंट-काँक्रीटचा फवारा मारायचा. खडक फारच कमकुवत असेल तर पोलादी कमानी उभ्या करायच्या. एक चक्र पुरे झाले की बोगदा दोन-तीन मीटर पुढे सरकलेला असतो. मग पुन्हा पहिल्या खुणेपासून सुरुवात.

काँक्रीटची फरशी

डांबरी रस्ता लवचिक असतो. भार खालच्या थरांवर सोपवत तो थोडा दबतो. काँक्रीटचा रस्ता ताठ असतो आणि चाकाचा भार मोठ्या क्षेत्रावर पसरवतो. इथे पावसाळ्यात पाणी तुफान आणि ट्रकांचे ओझेही तसेच. रस्त्याचे नुकसान चाकांच्या आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असे अभियंते धरतात. म्हणजे आसावर दुप्पट ओझे टाकले की रस्त्याची झीज सुमारे सोळा पट होते. अशा मार्गाला काँक्रीट सुरुवातीला महाग, पण दीर्घकाळ टिकणारे.

खाली दाबून घट्ट केलेला मुरूम-खडीचा थर, त्यावर कमी सिमेंटच्या काँक्रीटचा थर आणि सर्वांत वर जाड काँक्रीटची फरशी, अशी ही बांधणी. वरची फरशी यंत्र एका दमात, ठरलेल्या जाडीत ओतत आणि दाबत पुढे सरकते. खरी घाई असते ती त्यानंतरच्या काही तासांत. काँक्रीट सुकताना आकसते आणि आकसताना ते कुठे ना कुठे तडकणारच. तडा आपल्याला हवा तिथे जावा म्हणून साडेचार-पाच मीटरवर करवतीने आडवी खाच पाडतात. खाच जाडीच्या पाव ते तृतीयांश खोल असते. ती लवकर कापली तर कडा ढासळतात, उशीर झाला तर काँक्रीट स्वतःच्या मर्जीने तडकते. म्हणून ही माणसे रात्री-अपरात्री करवत घेऊन तयार असतात. खाचेखाली गुळगुळीत पोलादी सळया आधीच बसवलेल्या असतात. त्यांच्यामुळे एका फरशीवरचा भार पुढच्या फरशीवर जातो, आणि उन्हात फुगायला किंवा थंडीत आकसायला फरशी मोकळी राहते. पृष्ठभागावर बारीक रेघा ओढतात, म्हणजे पावसात चाकाखालचे पाणी निघून जाते.

टायर फुटतात ते काँक्रीटमुळे, असे सर्रास बोलले जाते. हवा कमी असलेला किंवा झिजलेला टायर सलग वेगात धावला की त्याच्या बाजू सतत दबून-फुलून तापतात. हे टायरचे दुखणे आहे. मैलोन्‌मैल मोकळ्या रस्त्यावर वेग कमीच होत नाही, म्हणून ते इथे चटकन उघड होते. निघण्यापूर्वी पाच मिनिटे देऊन हवा तपासली तर ते टळू शकते.

पाणी हाच खरा विरोधक

लोणावळा-खंडाळ्याला पावसाळ्याच्या चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाणी उभ्या भेगांत उतरते, मधल्या तांबड्या पट्ट्याला मऊ करते. वरचा जड पाषाण आधार सुटल्याने सरकतो. झाडांची मुळे भेगा रुंदावतात. उन्हाने खडक तापतो, पहिल्या पावसाने एकदम थंड होतो. दरड कोसळते ती एका रात्रीत, पण तिची तयारी वर्षानुवर्षे चाललेली असते.

जुलै २०१५मध्ये आडोशी बोगद्याजवळ मोठमोठे दगड वाहनांवर कोसळले आणि प्रवाशांचे जीव गेले. त्यानंतर घाटातल्या कड्यांवरून दोरावर उतरून सुटे दगड काढणे, कडा बोल्टने बांधणे आणि पोलादी जाळ्यांनी झाकणे, ही कामे मोठ्या प्रमाणावर झाली. जाळीचे काम समजून घ्यायला हवे. ती डोंगर थांबवत नाही. ती सुटलेला दगड कड्याला धरून ठेवते किंवा घसरत खाली आणते, रस्त्यावर उसळू देत नाही. जुलै २०२३मध्ये याच भागात पुन्हा दरड आली.

म्हणून घाटात सर्वांत महत्त्वाचे बांधकाम बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, ते म्हणजे गटार. कापलेल्या कड्याच्या माथ्यावर खणलेला चर पाणी कड्यावर येण्याआधीच बाजूला वळवतो. भिंतीतली छिद्रे आत साचलेले पाणी सोडून देतात. रस्त्याकडेची गटारे आणि मोऱ्या ते दरीत नेतात. मेअखेरीस हे सगळे साफ झाले नाही तर पुढची कितीही महागडी जाळी अपुरी पडते.

उतार, अपघात आणि नवी वाट

घाट चढताना इंजिनाची परीक्षा होते, उतरताना ब्रेकची. भरलेला ट्रक उतारावर ब्रेक दाबून ठेवत खाली आला तर ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. खालच्या गिअरमध्ये उतरले तर इंजिनच गाडी रोखून धरते. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे हा रोध स्वतःच्या हाताने काढून टाकणे. बोरघाटातल्या कित्येक भीषण अपघातांमागे हीच सवय आहे.

२०१६ या एका वर्षात या मार्गावर १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, सेव्हलाइफ फाउंडेशन आणि महिंद्रा अँड महिंद्रा यांनी शून्य-मृत्यू मोहीम हाती घेतली. कठड्यांची उघडी टोके, कडेचे कठीण अडथळे, अपुरे फलक असे एकेक दोष शोधून दुरुस्त केले गेले. बंद पडलेली वाहने हटवणे, वेग मोजणे यांवर भर दिला गेला. पुढच्या काही वर्षांत मृत्यूंची संख्या बरीच खाली आली. अपघात नशिबाने होतात, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

मूळ आखणीतला एक दोष मात्र फलकांनी सुटणारा नव्हता. आडोशी ते खंडाळा या टप्प्यात द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग एकत्र येतात. सहा पदरी आणि चार पदरी अशा दोन रस्त्यांची वाहतूक तिथे सहा पदरांत कोंबली जाते, आणि तीही नेमकी चढाच्या जागी. ब्रिटिशकालीन अमृतांजन पुलाचे खांबही तिथेच अडथळा होऊन उभे होते. टाळेबंदीने रस्ता ओस पडला असताना, ५ एप्रिल २०२० रोजी हा पूल नियंत्रित स्फोटाने पाडण्यात आला. जुन्या खुणेबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविक होते, पण अपघात पाहता तो निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

कायमचा उपाय म्हणून २०१९मध्ये ‘मिसिंग लिंक’चे काम सुरू झाले. खोपोलीपासून कुसगावपर्यंत सुमारे १३.३ किलोमीटरची ही वाट १९ किलोमीटरच्या जुन्या टप्प्याला पर्याय देते. तिच्यात दोन ठिकाणी बोगदे आहेत. त्यांतला लांब जवळपास नऊ किलोमीटरचा, २३ मीटरहून रुंद आणि लोणावळ्याच्या तलावाच्या बऱ्याच खालून जाणारा. दरीवर तारांनी तोललेला पूल आहे. त्याचे मनोरे १८० मीटरहून उंच. कडा तासून वर चढण्याऐवजी कड्याच्या पोटातून जायचे, म्हणजे दरडी आणि तीव्र वळणे दोन्ही टळतात, असा हा विचार. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी बर्कले यांच्यापुढेही हाच विचार होता. त्यांच्याकडे नव्हती ती आजची यंत्रे.

पण बोगद्याला पंखे लागतात, दिवे लागतात, धूर आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा लागते, आत झिरपणारे पाणी रोज बाहेर काढावे लागते. मार्ग जितका अवघड जागेतून जातो, तितकी त्याची निगा महाग. उद्घाटनाच्या फिती आणि किलोमीटरचे आकडे यांचे आपल्याला कौतुक असते. त्याच्या निम्म्याने तरी आस्था गटारे साफ करणाऱ्या, दोरावरून कड्यावर उतरणाऱ्या आणि रात्री बंद ट्रक ओढून नेणाऱ्या माणसांच्या कामाविषयी हवी. या रस्त्यासाठी आपण टोल भरतो. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी कोणत्या कड्याची पाहणी झाली, कोणती जाळी बदलली, कोणती मोरी मोकळी केली, याचा जाहीर हिशेब दर वर्षी मागण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि तो मागायलाच हवा.